नामाला ‘एस’ जोडण्याआधी: या चुका टाळा

इंग्रजी नामांसाठी ‘जे मोजता येतं ते काउंटेबल’ ही व्याख्या पाठ करून कुणी आलं, की मी आधी ती खोडायला लावते. पैसे आपण रोज मोजतो, तरी ‘मनी’ अनकाउंटेबल, म्हणजे एस लावून अनेकवचन न होणारं नाम. खोलीतल्या खुर्च्या बोटांवर मोजता येतात, पण ‘फर्निचर’ला अनेकवचन नाही. मराठीत तरी ‘पाच सामानं’ कोण म्हणतं? एसटीत चढवताना आपण ‘सामानाचे पाच डाग’ म्हणतो. ‘लगेज’चंही तेच: ‘फाइव्ह पीसेस ऑफ लगेज’. हे डाग-नग प्रकरण कळलं की निम्मं काम झालं.

मला सगळ्यात महाग पडलं ‘इक्विपमेंट्स’. शिकवायला लागण्याआधी मी एका कारखान्याचा पत्रव्यवहार बघायचे. परदेशी ग्राहकाला कोटेशनमध्ये लिहिलं, ‘थ्री इक्विपमेंट्स’. मला तीन पंप म्हणायचे होते. त्याने तीन पूर्ण संच धरले, प्रत्येकात पंप, मोटर आणि पॅनेल, आणि त्याच किमतीत ऑर्डर दिली. खुलाशांत आठवडा गेला, ऑर्डरही गेली. तेव्हापासून मोजायची वेळ आली की मी वस्तूचंच नाव लिहिते: ‘थ्री पंप्स’.

दुसरी चूक ‘हेअर्स’ची. मराठीत ‘केस गळतात’, म्हणून ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ तोंडात येतं. डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’, आणि क्रियापद एकवचनी. आमटीत सापडलेला एक केस मात्र ‘अ हेअर’. दोन सापडले तर ‘टू हेअर्स’. एकच शब्द दोन्हीकडे चालतो, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर शब्दांची यादी घोकणं मला पटत नाही. यादीत ‘वर्क’ अनकाउंटेबल असतो. ‘मेनी वर्क्स टू डू’ चूकच, पण लेखकाच्या साहित्यकृतींना ‘वर्क्स’च म्हणतात.

‘न्यूज’च्या शेवटी एस दिसला तरी पुढे ‘इज’. मराठीत सल्ले आणि पुरावे असतात, इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हायसेस’ आणि ‘एव्हिडन्सेस’ लिहू नका. ‘होमवर्क्स’ही नको.

नवं नाम वहीत एकटं उतरवू नका. ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ असं सोबत्यासकट लिहा. घाई असलेल्यांना हे लांबण वाटतं, पण लक्षात राहतं ते असंच. शंका आली तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. त्यात प्रत्येक अर्थापुढे काउंटेबल की अनकाउंटेबल ते छापलेलं असतं. पहिल्याच अर्थावर थांबू नका: ‘पेपर’ कागद या अर्थी अनकाउंटेबल, वर्तमानपत्र या अर्थी काउंटेबल.