एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे: माझा अनुभव

सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये मुंजीचे फोटो काढताना प्रत्येक फ्रेमवर आडवे फिकट-काळे पट्टे येत होते. बाहेर उन्हात तोच कॅमेरा स्वच्छ फोटो देत होता. लेन्स बदलली, आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) कमी केला, व्हाइट बॅलन्स बदलला, पट्टे तसेच. मुंज काही पुन्हा लागत नाही, त्यामुळे जीव नुसता टांगणीला लागला होता.

कारण विजेत आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून हॉलमधले असे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही. सायलेंट, म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर फोटोची एकेक ओळ वाचत जातो. शटर १/५०० सेकंद असेल तर काही ओळींना जास्त उजेड मिळतो, काहींना कमी; तेच पट्टे.

या क्रमाने करा. आधी सायलेंट शटर बंद करून मेकॅनिकल निवडा. मग मोड डायल शटर प्रायॉरिटीवर (यात शटरचा वेग आपण ठरवतो), म्हणजे 'S' किंवा 'Tv' या खुणेवर, न्या. शटर १/१०० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला उजेडाचं एक पूर्ण आवर्तन मिळतं. आयएसओ ऑटोवर सोडा. मेन्यूत अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीचा परिणाम टाळणारी सोय) असेल तर तेही चालू करा. व्हिडिओसाठी सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०.

अक्षता उधळताना १/१०० ला हात थोडे हलतात, पण मला ते चालतं. स्टेजवरच्या काही एलईडींची लुकलुक मात्र याहून बरीच वेगवान असते. तिथे शटर १/५० पर्यंत उतरवून एक चाचणी फोटो मोठा करून बघा.