वादळ-गारपिटीनंतर गल्लीतला रस्ता मोकळा कसा करून घ्यावा

खान्देशात बर्फ पडत नाही, पण गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर झालेली गारपीट अजून कुणी विसरलेलं नाही. रावेर-यावलकडे गारपीट म्हटली की आधी केळीचे आडवे झालेले खांब डोळ्यांसमोर येतात. शहरात मात्र वेगळंच चित्र असतं. रस्ता अर्धा तास पांढरा दिसतो, मग गुडघाभर पाणी, तुटका पाला, उडून आलेले पत्रे आणि मधोमध आडवा पडलेला गुलमोहर. मे महिन्यात मृगाच्या आधी येणारं वादळ तर गारा नसतानाही हेच करून जातं. वारा अर्ध्या तासात थांबतो. गल्ली मोकळी व्हायला कधी अर्धा दिवस लागतो, कधी तीन दिवस. हा फरक बहुतेक वेळा जेसीबीमुळे पडत नाही. कुणी, कुणाला, काय सांगितलं यावर तो ठरतो.

आमच्या गल्लीत एकदा संध्याकाळी झाड पडलं. अंधार झाला, लाईट गेलेली, सगळे ओट्यावर उभे. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने फोन केलाच असेल. रात्री दहा वाजता एका आजींना दम लागला, रिक्षा आत येईना, तेव्हा कळलं की फोन कुणीच केलेला नव्हता. चूक आमचीच होती. पुढे जे लिहितो आहे, ते त्या रात्रीपासून शिकत आलो म्हणून.

आधी तार बघा, मग झाड

पाऊस ओसरला की पहिली दहा मिनिटं काहीच उचलायचं नाही. बॅटरी घेऊन लांबून बघायचं: तार तुटली आहे का, खांब वाकला आहे का, झाड तारेवर टेकलं आहे का, साचलेल्या पाण्यात वायर लोंबते आहे का. यातलं एकही असेल तर निदान ३० फूट लांब राहा आणि पोरांना घरात घ्या. गल्लीच्या दोन्ही तोंडांना एकेक माणूस उभा करा किंवा मोटारसायकल आडवी लावा, म्हणजे अंधारात कुणी आत येणार नाही.

‘लाईट गेलीय, म्हणजे तार मेलेली आहे’ हा समज जीवघेणा आहे. पुरवठा कोणत्याही क्षणी परत सुरू होऊ शकतो. शिवाय कुणाच्या घरातला चुकीचा जोडलेला जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलट्या बाजूने तारेत करंट सोडू शकतो. ओल्या लाकडातूनही करंट येतो, त्यामुळे कोरड्या वाटणाऱ्या बांबूनेही तार बाजूला सारण्याचं धाडस नको. महावितरणचा १९१२ हा क्रमांक चोवीस तास चालतो. वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा, तो सांगितला की तक्रार नेमक्या भागाकडे जाते. आपल्या भागाच्या वायरमनचा नंबर गल्लीत कुणाकडे तरी असतोच, त्यांनाही कळवा. त्यांनी लाईन बंद केल्याचं स्वतः सांगितल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही.

माणूस अडकला असेल, आग लागली असेल तर इतर सगळं बाजूला ठेवून ११२. अग्निशमन दलासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन लागत नसेल किंवा नुकसान मोठ्या भागात झालं असेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७.

रस्ता कुणाचा, हे आधीच माहीत असू द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. आपण तक्रार करतो, तिकडून उत्तर येतं ‘हा रस्ता आमच्याकडे नाही’, आणि सकाळ निघून जाते. जळगाव आणि धुळे इथे महानगरपालिका आहे, त्यांच्यासाठी १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्यातल्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. सार्वजनिक रस्त्यांची सफाई आणि रस्त्यातले अडथळे काढणं ही दोन्ही त्यात आहेत. नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर अशा ठिकाणी नगरपरिषद आहे. तिथे १९६५ चा नगरपरिषदांचा अधिनियम लागू होतो आणि कर्तव्यांची यादी कलम ४९ मध्ये आहे. म्हणजे झाड उचलून देणं हा कुणाचा उपकार नाही. अर्जात हे कलम एका ओळीत लिहिलं तर कागदाला वजन येतं. आवाज चढवायची गरज पडत नाही.

पण शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता पालिकेचा नसतो. राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे आपला जुना सहा नंबरचा हायवे, जळगाव-धुळ्याला जोडतो. महामार्गावर झाड पडलं तर १०३३ वर सांगा. तालुक्याला जोडणारे बरेच रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. शहराला लागून उभ्या राहिलेल्या कॉलन्या कधी ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतात, तर कधी ले-आऊटमधले रस्ते पालिकेकडे हस्तांतरित झालेले नसतात. आपल्या दारासमोरचा रस्ता कोणाचा, हे वादळ येण्याआधी एखाद्या शांत दिवशी पालिकेच्या बांधकाम विभागात जाऊन विचारून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

एकच माणूस, एकच निरोप

गल्लीतून एकाने फोन करायचा आणि त्याचं नाव बाकीच्यांना माहीत असायचं. नानांनी केला, आप्पांनी केला आणि ताईंनीही केला, तर समोरच्याकडे तीन ठिकाणच्या तीन तक्रारी दिसतात. कुणीच केला नाही तर काय होतं, ते वर सांगितलंच. फोन लावताना ‘साहेब, खूप मोठं झाड पडलंय, लवकर या’ एवढं पुरत नाही. त्या संध्याकाळी असे शंभर फोन आलेले असतात. समोरचा माणूस कोणती गाडी कुठे पाठवायची ते ठरवतो आहे, त्याला ठरवता येईल असं सांगा. आमच्याकडे आता हा मजकूर मोबाईलमध्ये तयारच असतो:

‘कॉलनीचे नाव, प्रभाग, जवळची खूण (मंदिर, शाळा, डीपी). रस्ता पूर्ण बंद / एका बाजूने मोटारसायकल जाते. गुलमोहर, बुंधा साधारण दीड फूट जाड, मुळासकट पडला. तारेला लागलेला आहे / नाही. महावितरणला कळवले, वेळ अमुक. आत एक डायलिसिसचे पेशंट आहेत. मोठी गाडी पूर्वेच्या तोंडाने येऊ शकते. संपर्क: एक नाव, एक नंबर.’

बुंध्याची जाडी सांगितली की पथक कुऱ्हाड घेऊन निघत नाही, यांत्रिक करवत घेऊन निघतं. गाडी कोणत्या तोंडाने येईल ते सांगितलं की ती अर्ध्या वाटेतून परत फिरत नाही. दोन फोटो काढा, एक लांबून पूर्ण रस्त्याचा आणि एक बुंध्याचा. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा. क्रमांक देत नसतील तर बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवा.

मागणी काय करायची, यावर माझं ठाम मत आहे. पहिल्या दिवशी ‘गल्ली साफ करा’ असं म्हणू नका. ‘रुग्णवाहिका जाईल एवढी वाट करून द्या’ असं म्हणा. आठ-दहा फुटांची वाट तासाभरात होते आणि पथक पुढच्या गल्लीकडे जातं, तिथेही कुणीतरी वाट बघत असतं. बुंधा दुसऱ्या दिवशी उचलला तरी चालतो.

आपण हात कुठे लावायचा

तारेचा धोका नाही हे नक्की झालं की मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्या गल्लीतली माणसं काढू शकतात. कोयता, करवत, दोरखंड, जाड चपला नव्हे तर बूट. शेंड्याकडून बुंध्याकडे कापत या. वाकून दबलेली फांदी कापली की ती धनुष्यासारखी उसळते, ती ज्या बाजूला उसळेल तिथे उभं राहू नका. भिंतीवर किंवा गाडीवर टेकलेल्या बुंध्याला हात नको, तो कुठे लोळेल सांगता येत नाही. उडालेले पत्रे हातमोजे किंवा गोणपाट घेऊन उचला, त्यांची कड ब्लेडसारखी असते.

गाडीवर झाड पडलं असेल तर हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर अशी भरपाई मिळत नाही, सर्वंकष विम्यात मिळते. घराचं नुकसान झालं असेल तर तलाठ्यांना कळवून पंचनामा होईपर्यंत तुटके पत्रे टाकून देऊ नका.

सार्वजनिक झाडाचं लाकूड सरपण म्हणून घरी नेऊ नका. ते पालिकेचं असतं. आणि झाड नुसतं कललेलं असेल, पडलेलं नसेल, तर ते परस्पर तोडू नका. १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे शहरात झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. धोकादायक झाडाची परवानगी मागणं अवघड नाही, कळवणं मात्र गरजेचं आहे.

गारा उचलायच्या नाहीत, पाण्याला वाट द्यायची

गारांचा थर दिसला की लोक फावडं घेऊन तो ढकलायला लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या तास-दोन तासात विरघळतात, त्यामुळे ती मेहनत वाया जाते. खरा प्रश्न त्यांच्या पाण्याचा असतो. हिशोब करा: १०० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद गल्लीत ३ सेंटिमीटरचा थर म्हणजे १८ घनमीटर गारा. मधल्या पोकळ्या सोडल्या तरी त्यांचं साधारण दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक मोठा टँकर. गच्च्यांवरच्या गारा यात धरलेल्या नाहीत. हे पाणी थंडगार पाल्यासकट गटाराच्या जाळीवर येऊन बसतं आणि जाळी चिखलाने चिकटवल्यासारखी बंद होते.

म्हणून गारपिटीनंतर तारा बघून झाल्या की पहिली पंधरा मिनिटं जाळ्यांना द्या. पावडी आणि घमेलं घेऊन प्रत्येक जाळीवरचा पाला ओढून काढा आणि गटारापासून लांब, उंच बाजूला टाका. गच्चीच्या पन्हाळ्याचं तोंडही मोकळं करा, नाहीतर पाणी घरात झिरपतं. उघड्या चेंबरमध्ये उतरायचं नाही, कधीच नाही. झाकण निघालेलं असेल तर तिथे फांदी उभी करून लाल कापड बांधा आणि पालिकेला कळवा. गल्लीच्या वळणावर गारा साचल्या असतील तर तिथे राख किंवा वाळू टाका, दुचाकी घसरत नाही. मीठ टाकू नका, झाडांच्या मुळांना ते बाधतं.

दुसरी फेरी अवघड असते

वाट झाली की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि कामाचा जोर संपतो. फांद्यांचे ढीग गटाराच्या कडेला पडून राहतात. आठ दिवसांनी त्यावर कचरा पडायला लागतो, मग प्लॅस्टिक, मग भाजीची देठं. मृगाचा पहिला पाऊस आला की तो सगळा ढीग गटारात जातो आणि जूनमध्ये ‘पाणी का तुंबलं’ म्हणून आपणच विचारतो.

हे टाळायचं तर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मुकादमांना हजेरीच्या वेळी भेटा. सफाई कामगारांना कुठे पाठवायचं ते सकाळी तिथेच ठरतं. दहा वाजता कार्यालयात गेलात तर माणसं वाटून झालेली असतात. ढीग घंटागाडीत मावणार नाही, ट्रॅक्टर-ट्रॉली लागेल, हे आधीच सांगा. ढीग ट्रॅक्टर लागेल अशा एकाच जागी, गटार सोडून रचून ठेवलेला असेल तर कामगारांचा अर्धा वेळ वाचतो. ती माणसं वादळानंतर सलग राबत असतात. त्यांना पाणी विचारा, चहा द्या.

तीन दिवसांत ढीग हलला नाही तर स्वच्छता निरीक्षकांना भेटा, मग प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन या. सोबत आधीचा तक्रार क्रमांक आणि तारखेसह फोटो जोडा. तरीही हाललं नाही तर ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तोही मार्ग आहे. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. त्यामुळे आजचा ढीग उचलायला तो उपयोगी नाही. वर्षानुवर्षं तीच गल्ली तुंबत असेल तर गटारसफाईचं काम कुणाला, कधी दिलं ते मात्र त्यातून कळतं.

पुढच्या मेआधी

गुलमोहर आणि सोनमोहर वाऱ्यात लवकर मोडतात. फांद्या लांब, लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरलेली. निंब आणि चिंच त्या मानाने टिकून राहतात, पण बुंध्याला चिकटून काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घातले तर कोणत्याही झाडाची मुळं आतल्या आत कमकुवत होतात. बुंध्याभोवती निदान तीन फूट माती मोकळी असू द्या, तसे ब्लॉक काढून देण्याची मागणी करा. नवं झाड लावताना डीपी आणि तारा सोडून जागा निवडा. वाळलेल्या, तारेकडे झुकलेल्या फांद्या मार्चमध्ये मोजा, फोटो काढा आणि छाटणीचा अर्ज तेव्हाच द्या. जागेची पाहणी, परवानगी, महावितरणकडून लाईन बंद करण्याची वेळ, शिडीची गाडी, हे सगळं जुळून यायला पाच-सहा आठवडे सहज जातात. मार्चमध्ये दिलेल्या अर्जावरच्या फांद्या एप्रिलअखेर उतरलेल्या असतात. मेमध्ये दिलेला अर्ज टेबलावर असतानाच सातपुड्याकडून आभाळ भरून येतं.