मालक गावाला गेला की शेड का अडतं? या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही मशीनशॉपमध्ये दुपारी तासभर उभं राहा. मालकाच्या फोनला उसंत नसते. ‘टूलच्या टोकाचे इन्सर्ट संपलेत, आणू का?’ ‘शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग आलंय, चलनावर सही कोण करणार?’ ‘बोअर वीस मायक्रॉन मोठा आलाय, पास करू?’

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मॅनेजर नेमायचा आणि पैशाला हात लावू द्यायचा नाही. आठशेच्या ड्रिलसाठीही त्यानं विचारायचं असेल, तर तो मॅनेजर नाही, निरोप्या आहे. एका खरेदीला समजा पाच हजारांपर्यंत न विचारता मुभा द्या. बिल त्याच दिवशी फाईलला, हिशेब शनिवारी. एखादी खरेदी चुकली तर पोरांसमोर झापू नका. एकदा झापलंत की तो पुन्हा प्रत्येक गोष्ट विचारायला लागतो, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही.

दुसरी चूक, दर डोक्यात ठेवणं. सायकल टाइम, मशीनचा तासाचा दर, टूलिंग, रिजेक्शन यांचा हिशेब कागदावर आला की कोटेशन ऑफिसातली पोरगीही देऊ शकते. पाव्हण्याला दोन रुपये कमी लावत असाल तर तेही लिहा. नाहीतर तुमच्यामागं भलत्याच गिऱ्हाइकाला पाव्हण्याचा दर जातो.

काही जण मालकाची जागा मशीनवर जॉब लावून देणाऱ्या एका हुशार सेटरला देतात. तो गावच्या जत्रेला गेला की काम पुन्हा ठप्प. त्याच्याकडून प्रत्येक जॉबचं सेटअप शीट करून घ्या: झिरो (मोजमापाची सुरुवात) कुठं, जॉ (जॉब धरणारे जबडे) कुठले, टूलचा ऑफसेट (मापातली दुरुस्ती) किती. एक पान, मोबाइलवर काढलेला फोटो, आणि ते मशीनलाच लावलेलं. जाडजूड मॅन्युअल कुणी उघडत नाही.

प्रत्येक ओटीपी मालकाच्याच फोनवर येतो, हे दुखणं किरकोळ वाटतं, पण महिना भरला की तेच अडवतं. दरमहा जीएसटी रिटर्न भरणाऱ्याला विक्रीच्या जीएसटीआर-१ साठी ११ तारीख, कर भरायच्या ३बी साठी २०. जीएसटी पोर्टलवर विश्वासातला दुसरा अधिकृत स्वाक्षरीकर्ता जोडता येतो. बँकेत एकानं पेमेंट टाकायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं, अशी सोय मागून घ्या.

वसुली मात्र खरंच अवघड. ती मालकाच्या तोंडओळखीवर चालते. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. ही मुदत बिलावर छापा आणि दर सोमवारी थकबाकीची यादी अकाउंटंटच्या हातात द्या. मग ‘साहेबांशी बोलतो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडेही त्याला बिल नंबर आणि तारीख सांगून पैसे मागता येतात.

हे बसवल्यावर एकदम महिनाभर गायब होऊ नका. आधी दोन दिवस जा. जे फोन येतील ते उचला, पण प्रत्येक प्रश्न वहीत टिपा. परत आल्यावर त्यातल्या ज्याचं उत्तर कुठंच लिहिलेलं नाही, तिथून कामाला लागा.