लिथियम बॅटरी वापरताय? खान्देशच्या उन्हात या चुका टाळा

बहुतेक लिथियम-आयन सेल ० ते ४५ अंशांदरम्यानच चार्ज करायचे असतात. आता मे महिन्यातलं जळगाव-भुसावळ आठवा. बाहेरच पारा ४५ च्या आसपास, मग पत्र्याच्या शेडमध्ये किती असेल? अशा दुपारी उन्हातून आणलेली ई-स्कूटर तशीच चार्जिंगला लावतात. लाईट असेल तेव्हाच चार्जिंग होणार, हे मान्य. तरी आधी गाडी सावलीत लावून बॅटरी हाताला गार लागू द्या. रात्री किंवा पहाटे लाईट मिळत असेल तर उत्तमच.

सगळ्यात घातक चूक मात्र चार्जरची. पिन बसली की चार्जर चालतो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. फवारणी पंपात पूर्वी १२ व्होल्टची ॲसिडची बॅटरी असायची, तिचा चार्जर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जातो. नवीन पंपाच्या पॅकमध्ये (म्हणजे सेल जोडून केलेल्या बॅटरीत) तीन लिथियम-आयन सेल एकामागे एक जोडलेले असतील तर तो १२.६ लाच फुल होतो. जुना चार्जर लावला की ४.२ ची मर्यादा असलेल्या एकेका सेलवर ४.८ व्होल्ट येऊ पाहतात. मध्ये आडवं येतं ते फक्त पॅकमधलं छोटं संरक्षक सर्किट, आणि स्वस्त पॅकमध्ये त्याच्यावर किती भिस्त ठेवायची? लिथियम आयर्न फॉस्फेट या दुसऱ्या प्रकारच्या लिथियम बॅटरीचा चार सेलचा पॅक १४.६ ला फुल होतो, त्याचा चार्जर वेगळाच. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, ते पॅकवरच्या आकड्याशी जुळवून बघा.

आठवडी बाजारात टॉर्चच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसतं. टॉर्चमधल्या १८६५० आकाराच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते, त्यामुळे असला सेल घेऊच नका.

वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो, आणि त्याच ढिगाला टेकवून पंप रात्रभर चार्जिंगला! सेल बिघडला तर त्यातून ज्वाळा निघते, आणि कापसाला तेवढंच पुरे. घरची माणसं जागी असताना, घराबाहेरच्या ओट्यावर किंवा मोकळ्या फरशीवर चार्ज करा. बाहेर पडायच्या दारात मात्र नको.

हंगाम संपल्यावर पंप रिकामाच माळ्यावर टाकला की पुढच्या वर्षी बॅटरी चार्ज घेत नाही. पडून राहिली तरी ती हळूहळू उतरतच असते. निम्मी चार्ज करून, पंपातून काढून, गार जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी बघत जा. धाब्याचं घर अजून शिल्लक असेल तर त्यातली आतली खोली यासाठी झकास. पार मेलेली बॅटरी दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावून ‘उठवून’ देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. फार खाली उतरलेल्या सेलमधलं तांबं विरघळून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, ‘अजून चालतेय’ म्हणून वापरू नका. उकिरड्यावर किंवा घंटागाडीतही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे आधी दुकानदाराला विचारा.

पेटलीच, तर जमल्यास मेन स्विच बंद करा, माणसं बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. धूर विषारी असतो, तो छातीत जाऊ देऊ नका. छोटी बॅटरी असेल तर लांबून भरपूर पाणी मारा, कारण सेल थंड होणं महत्त्वाचं. विझलेली बॅटरी काही तासांनीही पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून लगेच घरात आणू नका.