सातबाऱ्यामागचा खापरपणजोबा: ठाणे–नवी मुंबईतला शेतकरी पूर्वज कसा शोधावा

आडनाव धरून शोधायला निघालात तर दुसऱ्या-तिसऱ्या कागदावरच वाट बुजते. एकोणिसाव्या शतकातल्या महसुली कागदांत शेतकऱ्याचे आडनाव बहुधा नसतेच. ‘चांगा बिन हाशा’, म्हणजे हाशाचा मुलगा चांगा, एवढीच ओळख असते आणि एका गावात असे दोन-तीन चांगा सहज निघतात. पाटील हे आडनाव होते की गावकीचा हुद्दा, हेही कागद सांगत नाही. शेत मात्र जागचे हलत नाही. म्हणून सर्व्हे नंबर धरायचा आणि नाव त्याच्या मागून येऊ द्यायचे.

घरातून निघताना

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून शेतांची नावे लिहून घ्या. कोणते शेत खारीत (खाडीकाठच्या जमिनीत), कोणते वरकस (उताराचे, हलके), बांध कोणाला लागून, कोणता तुकडा भावकीत गेला. सन-तारखा विचारण्यात वेळ घालवू नका, त्या हमखास चुकतात. बांधाशेजारचे नाव सहसा चुकत नाही. पेटीतल्या जुन्या पावत्या, गहाणखते आणि सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची) पत्रे यांचे फोटो दोन्ही बाजूंनी काढा. सर्व्हे नंबर बरेचदा मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला सापडतो.

आजचा उतारा ते जुना सर्व्हे नंबर

इथे ठाणे आणि नवी मुंबई यांच्या वाटा वेगळ्या होतात.

नवी मुंबईत आजच्या सातबाऱ्यावर सिडकोचे नाव दिसेल. तिथून मागे जायला सर्वांत चांगला कागद म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. १९७०नंतर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली गेली. निवाड्यात सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र आणि खातेदाराचे नाव ओळीने असते. तो भूसंपादन कार्यालयात, लोकांच्या तोंडी ‘मेट्रो सेंटर’मध्ये, मागावा. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची फाइल घरात असेल तर आधी ती उघडा. वारसदाखला आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र बहुधा तिच्यातच असते. मात्र ती वंशावळ हक्क मिळवण्यासाठी लिहिलेली असते. तिच्यातून निपुत्रिक काका आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या गळलेल्या असू शकतात.

ठाणे शहरात सातबारा बंद होऊन मालमत्ता पत्रक आलेले असेल, तर सिटी सर्व्हेच्या चौकशी नोंदवहीत मूळ सर्व्हे नंबर पाहा. काही गावांत सर्व्हे नंबर पुन्हा दिले गेले आहेत, म्हणून वहीत ‘जुना’ आणि ‘नवा’ असे दोन रकाने ठेवा. शेतांच्या तुकड्यांचे एकत्रीकरण झालेल्या गावात गट नंबरावरून जुन्या नंबराकडे जाण्यासाठी नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा लागतो.

फेरफार: इथे घाई नको

१९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि १९१३मध्ये ती महसूल संहितेत घेतली गेली. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. गावची फेरफारवही क्रमांक १ पासून सुरू होते. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे फेरफार क्रमांक असतात. सगळ्यात लहान आकड्यापर्यंत एकेक करत मागे जा, मधला एकही सोडू नका. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा.

नोंदींमध्ये येणारे शब्द असे: ‘मयत’ आणि ‘वारस’ सगळ्यांना कळतात. ‘कोम’ म्हणजे बायको. ‘जानकी कोम रामा’ ही रामाची पत्नी. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, लहान वारसाचा पालक; अर्थात नोंदीच्या वेळी तो वारस सज्ञान नव्हता. जन्मसालाचा अंदाज बांधायला हे सोन्यासारखे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: नाव थोरल्याचे, मागे धाकटे भाऊ अदृश्य.

सर्वांत जास्त फसवणारी तारीख म्हणजे वारस नोंदीची. ती मृत्यूची तारीख नसते. वारसांनी वर्दी दिली तो दिवस असतो, आणि वर्दी कधी कधी दहा-पंधरा वर्षे उशिरा, तंटा किंवा विक्री निघाल्यावरच दिली जाई.

समजा, १९२१च्या फेरफारात ‘चांगा बिन हाशा मयत’ आहे आणि मोठा मुलगा चाळिशीचा आहे. म्हणजे चांगाचा जन्म १८५५च्या आसपासचा आणि हाशाचा १८३०च्या सुमाराचा. मूळ पैमाइशीच्या (इंग्रजी अमलातल्या पहिल्या मोजणीच्या) वेळी शेत हाशाच्या किंवा त्याच्या बापाच्या नावावर असायला हवे.

मूळ पैमाइश

ठाणे जिल्ह्याची मूळ पैमाइश साधारण १८५० ते १८६६ या वर्षांत झाली. ते कागद उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे मागायचे. कार्यालयागणिक नाव बदलते, म्हणून अर्जात गाव आणि जुना सर्व्हे नंबर देऊन ‘शेतवार पत्रक, सूड, कडईपत्रक, आकारफोड, टिपण बुक’ असे सगळे लिहा. नुसते ‘जुने रेकॉर्ड’ लिहिलेत तर ‘उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर येईल. नकार तोंडी घेऊ नका. माहिती अधिकारात १० रुपये भरून ‘हा अभिलेख नष्ट झाला की दुसऱ्या कार्यालयात गेला’ असे नेमके विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस.

जिल्ह्याच्या सीमांचाही घोळ आहे. पनवेल १८८३मध्ये ठाण्यातून कुलाबा जिल्ह्यात गेले, कर्जत १८९१मध्ये, आणि कुलाब्याचे रायगड झाले १९८१मध्ये. म्हणून पनवेल-उरण बाजूच्या गावाचे १८८०चे कागद ठाण्याच्या नावाखाली असतात. बेलापूर पट्टीतही आजचा तालुका गृहीत धरू नका; हातातल्या कागदावर कोणता आहे ते आधी पाहा.

क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते: ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. आकार, म्हणजे शेतसारा, रुपये-आणे-पैत, त्यामुळे ‘आणे’ क्षेत्राचे की पैशांचे, हे रकान्याचे शीर्षक पाहून ठरवा. त्या काळचे हस्तांतर ‘राजीनामा’ आणि ‘कबुलायत’ यांच्या जोडीने होई: एकाने खाते सोडायचे, दुसऱ्याने सारा भरण्याचे कबूल करायचे. खाडीचा बांध फुटून खारीत पाणी शिरले की असे राजीनामे वाढलेले दिसावेत, पण प्रत्येक राजीनाम्यामागे खाडी शोधू नका, सावकारही असतो.

शेत सापडले आणि नाव परक्याचेच असेल, तर तुमचा माणूस बहुधा कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, होता. खातेदाराच्या रकान्यात कुळाला जागा नव्हती. अशा वेळी उलट बाजूने या: १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनानंतर (कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले तो दिवस) कूळकायद्याच्या कलम ३२-गखाली चाललेल्या चौकशीच्या फायली मागा. त्यातल्या जबाबांत बाप-आजा कधीपासून कसत होते, हे त्यांच्याच शब्दांत सापडू शकते.

मोडी आणि सनावळ्या

एकोणिसाव्या शतकातले हे कागद बहुधा मोडीत आहेत. शिरोरेघ ओळभर आधी ओढलेली, शब्द तोडलेले नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. वाचक लावण्याआधी गावातल्या नावांची यादी स्वतः करून द्या. ‘पोशा’ आणि ‘गोमा’ ही नावे माहीत नसलेला उत्तम वाचकही त्यांचे भलतेच काहीतरी करतो. लिप्यंतरासोबत मूळ ओळीचा फोटो हवाच.

सन इसवी असेलच असे नाही; जुन्या दप्तरांत शक, फसली आणि शुहूर हे सनही येतात. शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, शुहूर सनात ५९९. फसली १२८० म्हणजे १८७०–७१. फसली आणि शुहूर वर्षे मृगाला, जूनच्या सुरुवातीला, बदलतात. त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांसाठी आणखी एक मिळवावा लागतो. शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते, तिथे हा जादा एक फक्त जानेवारीपासून पाडव्यापर्यंत.

शेताबाहेरचे कागद

कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंद, तहसिलीत किंवा गाव दप्तरात मिळते. मुलाच्या नावाऐवजी बहुधा ‘चांगा हाशा यास मुलगा’ एवढेच असते, जात लिहिलेली असते. मृत्यूचे कारणही असते, पण ‘ताप’ या शब्दाखाली काय काय मावले असेल ते देव जाणे. १८९६नंतरच्या काही वर्षांत प्लेग आहे, हे ध्यानात ठेवून एकाच घरातले लागोपाठचे मृत्यू तपासा. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३पासून असे बरेच कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले आहेत. तुमचे घराणे आगरी किंवा कोळी असले तरी गावची पाने पाहा, कारण पान गावाचे असते.

दुय्यम निबंधकांकडचे जुने गहाणखत मिळाले तर त्याच्याइतका बोलका कागद दुसरा नाही: बापाचे नाव, जात, धंदा, राहणार आणि वय. वय मात्र अंदाजे, ४०, ५० असे गोल असते. पाच वर्षे इकडेतिकडे धरा.

साष्टीतल्या (ठाणे ज्या बेटावर आहे तिथल्या) ख्रिस्ती शेतकरी घराण्यांनी आधी चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवह्या पाहाव्यात. तिथे आईचे नावही मिळते, जे महसुली कागदांत जवळपास कधीच नसते. हिंदू घराण्यांसाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. तिथे आडनाव, जात आणि मूळ गाव सांगावे लागते. ‘नवी मुंबई’ सांगून उपयोग नाही, घणसोली किंवा करावे असे गावच सांगा. वहीतली नोंद यात्रेला गेलेल्याने स्वतः सांगितलेली असते, म्हणून तिच्यात बायका-मुलींची नावे असू शकतात. ती मिळाली की त्या बाईच्या माहेरच्या गावची फेरफारवही मागवा. तिथे तिच्या बापाच्या वारसांत भाऊ कोण होते ते कळते.