ब्रश कटरची तार: कोपॉलिमर कोणती, ब्लेंड कोणती, कसं ओळखायचं

वरुड भागात संत्र्याच्या बागेला निंदणाला माणूस वेळेवर मिळत नाही, म्हणून ब्रश कटर, म्हणजे फिरत्या नायलॉनच्या तारीनं गवत कापणारं इंजिनाचं यंत्र, आता बहुतेक बागायतदारांकडे आला आहे. मी ही यंत्रं दुरुस्त करतो. इंजिनापेक्षा तारीच्या तक्रारी जास्त येतात. "भाऊ, नवं रीळ नेलं, अन् अर्ध्या एकरातच खतम झालं पाहा." पुड्यावर 'नायलॉन' एवढंच छापलेलं असतं. आतमध्ये काय आहे, हे त्यावरून कळत नाही, आणि पैसे वाया जातात ते तिथंच.

आधी फरक समजून घ्या. आपल्या तारीत मुख्यतः दोन नायलॉन येतात, ६ आणि ६६. नायलॉन ६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळतं, ६६ सुमारे २६० ला. नायलॉन म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, मण्यांच्या माळेसारख्या. एकाच दोऱ्यात दोन जातींचे मणी मिसळून ओवले तर ते कोपॉलिमर; दोन वेगवेगळ्या माळा एकमेकींत गुंतवून ठेवल्या तर ते ब्लेंड. कोपॉलिमरमध्ये साखळीच मिश्र असते, त्यामुळे साखळ्या एकमेकींना नीट चिकटून स्फटिक बनवू शकत नाहीत. म्हणून ६/६६ कोपॉलिमर मऊ, लवचीक आणि जास्त पारदर्शक निघतं, आणि वितळतं साधारण १९० ते २०० अंशांना, म्हणजे दोन्ही मूळ नायलॉनांच्या खाली. ब्लेंडमध्ये प्रत्येक साखळी आपली जात सोडत नाही. ६ आणि ६६ चं ब्लेंड असेल तर ताठपणा, उष्णता सहन करणं, सगळं दोघांच्या मध्ये कुठंतरी येतं. (ही हद्द अगदी पक्की नाही. दोन्ही वितळलेल्या स्थितीत फार वेळ एकत्र राहिले तर साखळ्यांचे तुकडे अदलाबदल होतात आणि ब्लेंड हळूहळू कोपॉलिमरकडे सरकतं.)

खरी भीती आहे ती पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे एक वेगळंच प्लास्टिक, मिसळलेल्या ब्लेंडची. नायलॉनला पाणी आवडतं, पॉलिप्रॉपिलीनला आवडत नाही. दोघांचं आपसात जमत नाही. मधे जोडणारा पदार्थ घातला, मॅलिक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन असतं तसा, तर चांगला माल बनतो. तो न घालता नुसतं एकत्र वितळवलं, तर तार उभी चिरते आणि टोकाला केसर फुटतं.

आता दुकानात पाहायच्या गोष्टी. पुड्यावर किंवा घाऊक विक्रेत्याच्या कागदावर 'पीए ६/६६' (पीए म्हणजे पॉलिअमाइड, नायलॉनचंच दुसरं नाव) असं तिरक्या रेघेनं लिहिलं असेल तर सहसा कोपॉलिमर, आणि मधे अधिकचं चिन्ह असेल, 'पीए ६ + पीए ६६', तर ब्लेंड. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी बरंच काम होतं. मग वीतभर तुकडा मागून घ्या आणि नखाच्या धारेवर घट्ट दुमडा. घडीवर पांढरी रेघ उमटली, दोन-तीन वेळा मागेपुढे केल्यावर तंतू सुटे झाले, तर ते न जमलेलं ब्लेंड समजा. कोपॉलिमरची तार वाकते, सोडली की बऱ्यापैकी परत येते, घडी पांढरी पडत नाही.

माझ्याकडे तापमान लावता येणारी सोल्डरिंग मशीन आहे, तिच्यावर उत्तर अधिक नीट मिळतं. टोक १७५ वर ठेवून तार टेकवा. तिथंच पाघळली तर पॉलिप्रॉपिलीन भरपूर आहे, कारण ते १६० ते १६५ ला वितळतं. नसेल तर २०८ ला न्या. इथं कोपॉलिमर वितळून टोकाला चिकटतं आणि ओढलं की बारीक धागा निघतो. निव्वळ नायलॉन ६ नुसतं नरम पडतं. २३५ ला नायलॉन ६ जातं. ६ आणि ६६ चं ब्लेंड असेल तर इथं एक भाग ओला होतो, पण तार अंग धरून राहते, पूर्ण वितळायला २६० च्या वर जावं लागतं. टोकाचं तापमान आकड्याइतकंच असेल असं नाही, म्हणून ओळखीच्या नायलॉन ६ चा तुकडा शेजारी ठेवून तुलना करा. आणि हे दार उघडं ठेवून करा, धूर नाकात घेऊ नका.

घाई नसेल तर वजनाची चाचणी. दोन तारींचे सारख्याच जाडीचे दहा-दहा ग्रॅम तुकडे सोनाराच्या काट्यावर तोलून दोन-तीन आठवडे पाण्यात ठेवा, पुसून परत तोला. नायलॉन ६ पूर्ण भिजलं की नऊ-दहा टक्के पाणी धरतं. कोपॉलिमर तेवढंच किंवा जरा जास्त. पॉलिप्रॉपिलीन मिसळलेली तार स्पष्ट मागे राहते.

पाण्याची गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. नायलॉन लवचीक राहतं ते आत मुरलेल्या पाण्यामुळे. कोरडं झालं की ५०-६० अंशांच्या खाली ते ताठ असतं, आणि दगड लागताच तुटतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडीठाक, त्यात तार टिनाच्या शेडमध्ये टांगलेली. मग चांगलं कोपॉलिमरही तुटणारच. वापरायच्या आधी रीळ एक-दोन दिवस बादलीत बुडवून ठेवा आणि उन्हात टांगू नका. मृगाच्या पावसानंतर याची गरज राहत नाही.

माझं मत विचाराल तर बागेतल्या तारीला कोपॉलिमरच घ्या. आपल्या जमिनीत दगडगोटे आहेत, मार चुकत नाही, तिथं वाकणारी तारच टिकते. एक अडचण मात्र तिच्यात आहे: वितळबिंदू कमी असल्यानं हेडमध्ये, म्हणजे तार गुंडाळायच्या फिरत्या डबीत, वेढे ठासून भरले, एकमेकांवर चढवले, की घासून तापतात आणि एकमेकांना चिकटतात, मग तार बाहेर येतच नाही. एकेरी, शेजारी-शेजारी गुंडाळा आणि थोडी जागा सोडा. जाडी यंत्राच्या पुस्तकात दिलेली तेवढीच; जाड तार घातली की इंजिनावर ताण पडतो.

झाडाच्या बुंध्याजवळ मात्र कोणतीच तार नेऊ नका. साल सोलली गेली की तिथून डिंक्या रोग शिरतो. खोडाभोवतीचं गवत विळ्यानंच काढा, ठिबकच्या नळ्याही वाचतील.

हेड घेताना हिशोब उलटा. तिथं वाकायचं नसतं, दगडाचा धक्का खायचा असतो आणि वर तापही सहन करायचा असतो. त्यासाठी रबर जोडून केलेलं नायलॉनचं ब्लेंड चांगलं. रबराचे बारीक कण धक्क्याचा जोर वाटून घेतात, म्हणून भेग पुढं धावत नाही. बदल्यात ताठपणा थोडा कमी होतो. तो हवा असेल तर काचेचे तंतू घातलेला माल पाहा, फक्त तो धक्क्याला तितका सोशीक नसतो.