जुन्या मिनिबाइकसाठी इंजिन कोणतं?

फ्रेमवर आत्ता बसलेलं इंजिन कारखान्यातूनच आलेलं असेल, असं गृहीत धरू नका. ६० आणि ७० च्या दशकांतल्या अमेरिकन मिनिबाइकवर, म्हणजे साध्या नळीच्या फ्रेमच्या बुटक्या मोटरसायकलवर, बहुधा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन किंवा टेकमसेह या कंपन्यांची साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेली) इंजिनं असायची, आणि ती सर्रास बदलली जात. म्हणून आधी नंबर वाचा. ब्रिग्जच्या मॉडेल नंबरचे पहिले आकडे क्युबिक इंचांतली क्षमता सांगतात: ८ ने सुरू होणारा म्हणजे साधारण ३ हॉर्सपॉवर, १३ ने सुरू होणारा ५. कोड नंबरात वर्ष, महिना, दिवस ओळीने येतात. ७२०३१५ म्हणजे १५ मार्च १९७२. टेकमसेहच्या सिरियलमध्ये मात्र वर्षाचा फक्त शेवटचा आकडा असतो, त्यामुळे १९६८ की १९७८ हे बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं.

गाडी संग्रहासाठी असेल तर मूळ इंजिनच उभं करा. टेकमसेहने इंजिनं बनवणं २००८ मध्ये थांबवलं, तेव्हा धड ब्लॉक भंगारात घालणं परवडणारं नाही. जाम इंजिनात स्पार्क प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडून काही दिवस मुरू द्या. तरी हललं नाही तर हेड काढा. पिस्टनवर हातोडा चालवू नका. कॉम्प्रेशन गेजवर फार विसंबू नका, कारण ब्रिग्जच्या कॅममध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यात) स्टार्टिंग सोपं करण्यासाठी दाब सोडण्याची सोय असते आणि आकडा कमीच दिसतो. त्याऐवजी फ्लायव्हील उलट्या दिशेने जोरात फिरवा. झटक्याने परत उसळलं तर रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत.

स्पार्क नसेल तर दोष बहुतेक वेळा फ्लायव्हीलखालच्या गंजलेल्या पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचा. ते साफ करून गॅप ०.०२० इंच ठेवा. ब्रिग्जच्या कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर ०.०१० ते ०.०१४ इंच असावं. व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळले तरी भागतं. फ्लायव्हीलला शाफ्टवर जागच्या जागी धरणारी चावी (की) नीट तपासा. ती मऊ धातूची असते आणि अर्धवट कातरली गेली की टायमिंग सरकतं, दोरी हाताला हिसका देते, आणि माणूस उगाच कार्बोरेटर उघडत बसतो. तिच्या जागी पोलादी चावी घालू नका.

फक्त चालवायची असेल तर होंडा जीएक्स२०० किंवा त्याची नक्कल हा सरळ मार्ग: १९६ सीसी, बहुतेकांचा शाफ्ट ३/४ इंच. जुन्या लहान इंजिनांचे शाफ्ट पुष्कळदा ५/८ चे असतात, म्हणजे क्लचही बदलावा लागतो. खरी अडचण जागेची. या इंजिनाचा सिलिंडर २५ अंश कललेला असतो आणि टाकी डोक्यावर, त्यामुळे टाकी किंवा एअर फिल्टर फ्रेमच्या नळीला अडतो. आधी पुठ्ठ्याचा साचा लावून बघा. बोल्टची भोकंही जुळत नाहीत. मूळ प्लेटला भोकं पाडण्यापेक्षा वेगळी अ‍ॅडॉप्टर प्लेट लावा. नवं इंजिन कोरडं येतं, सुरू करण्याआधी ६०० मिलि तेल घाला.

इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर काढायचा मोह आवरा. अ‍ॅल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड आणि ओतीव फ्लायव्हील ३६०० आरपीएमच्या आसपासच्या कामासाठी आहेत; त्याच्या फार वर गेलं की रॉड तुटून ब्लॉकमधून बाहेर येतो.

सेंट्रिफ्युगल क्लचला (वेग वाढला की आपोआप पकडणाऱ्या) स्प्रॉकेटचं गुणोत्तर ६:१ च्या आसपास ठेवा: पुढे १२ दाती, मागे ७२. १३ इंची टायरवर ३६०० आरपीएमला ताशी साधारण ३७ किमी वेग मिळतो. पुढचं स्प्रॉकेट मोठं केलं तर क्लच घसरत राहतो आणि तापून निळा पडतो. क्लचच्या बुशला तेलाचे दोन थेंब पुरेत, पकडणाऱ्या शूजवर अजिबात नको.

काढून ठेवलेल्या मूळ इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घाला आणि पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला थांबवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, आत दमट हवा शिरत नाही.